अठ्ठावीस दिनार

हौसेला मोल नसतं, म्हणतात.
असतं. अठ्ठावीस दिनार,
पंपासकट.

तीन शुक्रवार झाले, अल-राईच्या बाजारात येतोय.
जुन्या गालिच्यांपुढं, पोपटांच्या पिंजऱ्यांमागं
सायकली उभ्या असतात एकमेकींत हँडल अडकवून.
जाड्या टायरच्या, वाळूत घालायच्या, स्प्रिंगा लावलेल्या,
स्वस्त, आणि म्हशीसारख्या दणकट.
मला म्हैस नको होती.
मला डांबर हवं होतं,
अंगठ्याएवढं टायर,
मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल,
आणि फिंतासचा समुद्राकडचा रस्ता
जो पहाटे पाचला कुणाच्याच मालकीचा नसतो.

हुलावळे वरच्या पलंगावरून म्हणाला,
"चाळिशी उलटली, आता कसली रेस?
त्या पैशात वहिनींना मिक्सर जाईल."
मिक्सर मागच्याच वर्षी गेला.
त्याच्या आधी फ्रीज.
मी चादर ओढली.

नेस्टरनं आधी पंचेचाळीस सांगितले.
इथं आल्यापासून पावणेतीनशेनं गुणल्याशिवाय
मी केळंसुद्धा सोलत नाही.
गुणलं, आणि दोन पावलं मागं सरलो.
"मंगळवारचं तिकीट आहे," तो म्हणाला,
"सायकल काही विमानात मांडीवर घेता येत नाही.
बत्तीस."

मी मागचं चाक उचलून फिरवलं.
लॅबमध्ये दिवसभर परक्यांचे दात घडवतो,
केसाएवढा फरक मला झोपेतही दिसतो.
चाक डावीकडं जरासं डुलत होतं,
अक्कलदाढ शेजारणीला ढकलते तसं.
बोट ठेवून दाखवलं.
तो हसला. त्या डुलण्याचे
चार दिनार कमी झाले.

सीटच्या दांड्यावर लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ.
"बायकोनं मारलेली," तो म्हणाला, "माझ्या उंचीची.
ती इथं होती तेव्हा."
मी त्याच्याहून बुटका.
त्यानंच पाना लावला, सीट दोन बोटं खाली दाबली.
रेघ नळीत गेली.
पुसली मात्र कुणीच नाही.

बसवाल्यानं सायकल बघून नुसती मान हलवली.
म्हणजे आता घरापर्यंत चालवायची.
वीस-बावीस मैल,
आणि शेवटची सायकल चालवली त्याला
वर्षंही तितकीच झालेली.

पहिल्या सर्व्हिस रोडवर हँडल थरथरलं,
शेजारून एक पांढरी गाडी अशी गेली
की शर्ट तिच्यामागं निघाला.
तेवढ्यात कानाशी शरयूताई,
गडहिंग्लजच्या कडगाव रोडवर,
ताशी आठ आण्यांच्या भाड्याच्या सायकलमागं
पदर खोचून धावणारी:
"चाकाकडं बघू नगंस रं! फुडं बघ, फुडं!"
पुढं बघितलं.
पुढं फक्त दिव्याचे खांब, धूळ,
आणि खूप लांब एक निळी पट्टी,
जी समुद्र निघाली.

मग कधीतरी हँडलची थरथर थांबली.
कधी, ते कळलं नाही.
बारीक टायर डांबरावर असं बोलत होतं
जसं कुणी कापड फाडतंय, सरळ, न थांबता,
एकाच धाग्यानं.
मांड्या पेटल्या होत्या, ओठांवर मीठ,
आणि मी मोठ्यानं मोजत होतो,
दिनार नव्हे, खांब.

रात्री ताईला फोटो पाठवला.
किंमत तिला आठवड्यानं सांगेन, थोडी कमी करून.
तिनं सायकल नीट न्याहाळली असावी,
कारण उत्तर उशिरा आलं, एकच ओळ:
"घंटी कुठाय?"

घंटी नाही, ताई.
असल्या सायकलींना नसते.
रोज पहाटे पाण्याच्या टाक्यांपाशी
रस्त्यात मांजरं बसलेली असतात, चार-पाच,
सरकत नाहीत.
मग मीच तोंडानं करतो,
ट्रिंग ट्रिंग,
आजूबाजूला कुणी नाही बघून.